डावीकडचा बोर्ड

“ताई, उशी कुठल्या अंगाला?” दस्तगीरनं विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत दादा म्हणाला, “ह्या भिंतीला घे. पलीकडं अण्णांचीच खोली आहे. त्यांनी बटण दाबलं की घंटा सरळ हिच्या उशाशी वाजेल.”

दस्तगीरनं खडूनं जमिनीवर पलंगाची चौकट आखली. मी नेमकी त्या चौकटीत उभी होते, म्हणून त्यानं माझ्या पायांभोवतीनं रेघ वळवली. मग भिंतीवर एक गोल काढून त्यात घंटेची खूण केली. खोली आमच्या मिरजेच्या घरातली, अगदी मागची. इतकी वर्षं तिथे अडगळ असायची: मोडका पाळणा, आईची शिलाई मशीन, अण्णांच्या नोकरीतली हत्यारं. दादा पुण्याहून खास आला होता, त्या अडगळीची माझ्यासाठी खोली करायला.

“आतून वायरिंग, सगळीकडून नवा गिलावा, गुलाबी रंग,” दादा म्हणाला. “मंदे, लहानपणी रडायचीस ना, मला माझी खोली पाहिजे म्हणून? घे, आता हक्काची खोली.”

रडायचे खरी. तेव्हा मी अकरा वर्षांची होते. आता चौतिसावं चालू होतं.

अण्णांना दीड वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं, डोकं मात्र लख्ख राहिलं. आई आधीच गेलेली. दादाचं बिऱ्हाड पुण्याला, शैलजावहिनींची नोकरी, मुलांच्या शाळा. राहिले कोण, तर मी. लग्न झालेलं नाही, इथल्याच शाळेत प्रयोगशाळेत परिचर, पायी दहा मिनिटांवर. सगळं इतकं सोयीचं होतं की कुणाला विचारावंही लागलं नाही. अण्णांना काही हवं झालं की ते डाव्या हातानं स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवायचे. टण टण टण. शाळेत तास संपल्याचा टोल पडला तरी मी दचकून उठायचे.

“आणि दिवा-पंख्याचा बोर्ड उशीच्या उजवीकडं,” दादा म्हणाला.

“डावीकडं,” मी म्हटलं.

“अगं, सगळ्यांकडं उजवीकडंच असतो.”

“मी डावरी आहे. डावीकडंच पाहिजे.”

दस्तगीर हसला. “असू दे की दादा. झोपणार कोण, तुमी का ताई?” त्यानं डावीकडे चौकोन काढला. दिवसभरात माझ्या मनासारखी झालेली गोष्ट एवढीच. मला तरी त्याचं केवढं बरं वाटलं! माणूस किती थोडक्यावर येतं, त्याची मला नंतर चीड आली.

कारण मला सांगायचं होतं ते वेगळंच. त्या दिवशी सकाळी मी दादाला सांगणार होते की मला थेट खानदेशात, शहाद्याला नोकरी लागली आहे. मुलींच्या सरकारी वसतिगृहावर गृहपाल म्हणून. तीन वर्षं मी गुपचूप अर्ज करत होते, एका रविवारी सांगलीला मैत्रिणीकडे जाते म्हणून परीक्षा देऊन आले होते, आणि वयाची अट ओलांडायला चार महिने उरलेले असताना आदेश आला होता. एकवीस जूनपर्यंत रुजू व्हायचं. मूळ आदेश सोबत आणला नाही तर रुजू करून घेतलं जाणार नाही, असं त्यातच छापलं होतं. मी तो पंचवीसेक वेळा वाचला असेल. त्या सकाळीही अडगळीच्या खोलीत उभी राहून वाचत होते, सांगायचा धीर गोळा करत होते, तेवढ्यात पडवीत दादाचा आवाज आला, “मंदे, बघ कुणाला आणलंय!” मी घाबरून ते खाकी पाकीट समोरच्या जुन्या लाकडी बोर्डामागे सारलं. तो बोर्ड कित्येक वर्षं बंद होता. भिंतीपासून बोटभर सुटलेला. दादा आत आला तो दस्तगीरला आणि खडूला घेऊनच.

दस्तगीर आमच्या घरातलाच म्हणायचा. अण्णा वीज मंडळात वायरमन होते, त्यांच्या हाताखाली तो शिकला. खांबावर कसं चढायचं इथपासून चहा बशीत न ओतता कसा प्यायचा इथपर्यंत सगळं अण्णांनी शिकवलं, असं तो सांगायचा.

आखणी झाली. दादा म्हणाला, चहा टाक. मी चहा टाकला, गाळला, तीन कप घेऊन आले, आणि दारातच थांबले. जुना बोर्ड भिंतीवर नव्हता. तिथे फिकट चौकोन उरला होता आणि दोन खिळ्यांची भोकं. बोर्ड अंगणात पडला होता, उताणा.

“जुनं आधी काडलेलं बरं,” दस्तगीर म्हणाला.

मी कप खाली ठेवले. दादा बाजूलाच उभा होता. विचारणार काय? दादा गेला तेव्हा दस्तगीरही त्याच्याबरोबर एस. टी. स्टँडपर्यंत गेला. मी अंगण झाडलं, घमेलं उपडं केलं, बोर्ड उलटासुलटा केला. पाली, जळमटं, एक जुना फ्यूज. पाकीट नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दस्तगीर आल्याबरोबर मी विचारलं, “बोर्डामागं काही सापडलं का?”

त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. छिन्नीची धार बोटानं तपासत राहिला. “काय सापडणार ताई? कचरा. टाकला हितंच कुटंतरी.”

“कागद होता का त्यात?”

“असंल. बगितला न्हाई.”

मग काम सुरू झालं. आतून वायरिंग करायचं तर आधी भिंतीला झिऱ्या पाडाव्या लागतात. वायरीची पाइप आत बसेल एवढा खोल चर छिन्नीनं फोडत जायचं, छतापासून बोर्डापर्यंत, बोर्डापासून घंटेपर्यंत. शाळेला सुट्टी होती, म्हणजे मी दिवसभर घरात. हातोड्याचा आवाज स्वयंपाकघरात यायचा, न्हाणीघरात यायचा. तो थांबला की पेल्यावर चमचा. अण्णांना पाणी, अण्णांना भांडं, अण्णांची कूस बदलणं. मधल्या वेळात मी राडारोडा चिवडत बसायचे. विटांचे तुकडे बाजूला करून एकेक कपटा उलगडून बघायचे. दस्तगीर बघायचा आणि मान खाली घालायचा.

शहाद्याला पत्र टाकून दुसरी प्रत मागवावी? जायला चार दिवस, यायला चार दिवस, आणि मधले सरकारी दिवस वेगळे. त्यात दुसरी प्रत आली तर पोस्टमन ती अण्णांच्या हातात देणार. मी पत्र लिहिलं आणि फाडून टाकलं. खरं सांगते, मनाच्या एका कोपऱ्यात मला सुटल्यासारखंही वाटत होतं. पाकीट हरवलं तर मग माझी काही चूक नाही, कुणाला दुखवायला नको, राहायचं इथंच. असं वाटलं की मग मला माझीच किळस यायची.

संध्याकाळी पाच वाजता एस्तेर सिस्टर यायच्या. मिशन कंपाउंडच्या बाजूला भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, निवृत्त झालेल्या नर्स. बुटक्या, साठीच्या, आवाज मात्र वॉर्डातला. झटका आल्यापासून त्या रोज येऊन अण्णांच्या हातापायांना व्यायाम द्यायच्या. त्यांचा स्वतःचा डावा खांदा धरलेला होता, हात छातीच्या वर जायचा नाही, तरी उजव्या हातानं अण्णांना उठवून बसवायच्या. एकदा त्या दादाला म्हणाल्या होत्या, मला इथं राहायला जागा दिलीत तर मी चोवीस तास बघीन यांच्याकडं, माझा मालक तशीही खोली सोडा म्हणतोय. दादानं हसून विषय बदलला होता आणि त्या गेल्यावर मला म्हणाला होता, “घरातली मुलगी असताना बाहेरची बाई कशाला? आणि आपल्या घरात त्यांचं जमायचं कसं?” मी काही बोलले नव्हते. तेही माझ्या खात्यावर आहे.

गुरुवारी झिऱ्या संपल्या. त्या दुपारी अण्णांनी दस्तगीरला हाक मारली. मला नाही, दस्तगीरला. तो आत गेला आणि त्यानं दार लोटून घेतलं. अर्ध्या तासानं बाहेर आला, सरळ मागच्या खोलीत गेला, आणि ओल्या फडक्यानं डावीकडचा चौकोन पुसायला लागला.

“हे काय?”

“बोर्ड उजवीकडं घ्यायचाय.” त्यानं उशीच्या उजव्या बाजूला नवा चौकोन काढला, तोही खाली. माझ्या कमरेच्या जरासा वर. “आन् खाली.”

“कुणी सांगितलं?”

“अण्णांनी.”

मी तशीच अण्णांच्या खोलीत गेले. “अण्णा, बोर्ड उजवीकडं का?”

“ऱ्हाऊ दे,” अण्णा म्हणाले.

“मी डावरी आहे. विसरलात?”

त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. “ऱ्हाऊ दे म्हंतो न्हवं.”

लहानपणी आई माझा डावा हात पदराच्या पट्टीनं बांधून ठेवायची. जेवताना, लिहिताना. अण्णा कामावरून आले की न बोलता आधी ती पट्टी सोडायचे. मग स्वतःही डाव्या हातानं जेवून दाखवायचे, वरण सदऱ्यावर सांडायचे, आई चिडायची आणि मी हसून हसून लोळायचे. माझं सगळं लहानपण त्या सुटलेल्या पट्टीत होतं. आता तेच अण्णा माझ्या उशाचा बोर्ड उजवीकडे नेत होते. मला वाटलं, संपलं. ह्यांना आता मी दिसतच नाही. पेला वाजवला की येते ती एक बाई आहे, तिच्या उशाशी घंटा बसली की झालं. त्या संध्याकाळी मी त्यांना भात भरवला, पण एक शब्द बोलले नाही. त्यांनीही विचारलं नाही. फक्त माझ्याकडे बघत होते, आणि तेच मला सहन होत नव्हतं.

शुक्रवारी दस्तगीरनं झिऱ्यांत पाइपा बसवल्या, बोर्डांच्या जागी पत्र्याच्या पेट्या ठोकल्या. दुपारी शिवाप्पा गवंडी आला. तो सीमेपलीकडच्या गावचा, बोलणं निम्मं कानडी. भिंतीवर पाणी मारायच्या आधी त्यानं एकेका पेटीत कागदाचे बोळे कोंबले. सिमेंटचा माल आत जाऊ नये, पाइप बुजू नये, म्हणून तसं करतात. कागद त्यानं खोलीतल्या कचऱ्यातूनच उचलले. मी बाहेरून बघत होते आणि माझ्या काही लक्षातही आलं नाही.

तो सराईत होता. थापीनं माल मारायचा, लांब पट्टी फिरवायचा, मागे सरून ओळंबा धरायचा. बघता बघता झिऱ्या बुजल्या. घंटेची पाइप दिसेनाशी झाली. तीन भिंती सपाट झाल्या आणि मला पहिल्यांदा कळलं की गिलावा म्हणजे काय. आता ह्यातलं काही हलणार नाही. पलंग इथे, उशी इथे, घंटा इथे, मी इथे.

पाच वाजता शिवाप्पा हातपाय धुवायला नळावर गेला. मी आत गेले. उजवीकडच्या त्या खालच्या पेटीतून बोळ्याचं टोक बाहेर आलं होतं. खाकी रंगाचं.

पुढचं मला धड आठवत नाही. मी खाली बसले आणि ते टोक ओढलं. ते निघेना. मी पेटीत बोटं घातली, बाजूचा ओला गिलावा ढासळला, बोळा हातात आला. वहीचं खाकी कव्हर होतं. दादाच्या कुठल्यातरी शाळेच्या वहीचं, त्यावर त्याचं नाव, जयवंत. मग मी दुसऱ्या पेटीकडे गेले. तिथे वर्तमानपत्र. तिसरी. घंटेची. दारामागची. नखांत सिमेंट गेलं, बोटं सोलली, भिंतीची ढेपळं माझ्या साडीवर पडत होती आणि मी थांबत नव्हते.

“अक्का! ओ अक्का! काय करालायसा?” शिवाप्पा दारात उभा होता. “वला गिलावा हाय त्यो! समदा पडंल!”

“माझा कागद आहे,” मी म्हटलं. “माझा कागद आहे ह्यात.” पाचही बोळे उलगडून मांडीवर घेतले होते. एकातही शहादा नव्हतं. मी त्या खडूच्या चौकटीत बसले, उशीच्या जागी, आणि मोठ्यानं रडले. परक्या माणसासमोर मी आयुष्यात तेवढीच रडले आहे. बिचारा शिवाप्पा थापी हातात घेऊन जमिनीकडे बघत राहिला.

पलीकडे पेला वाजला. टण टण टण.

मी गेले नाही. दीड वर्षात पहिल्यांदा.

परत वाजला. मग सिस्टरांचा आवाज आला, “मंदा, ये गं इकडं. ते बोलवतायत.”

मी तशीच गेले, सिमेंटच्या हातांनी. अण्णा उशीला टेकून बसले होते. सिस्टर स्टुलावर. अण्णांनी डावा हात गादीखाली घातला, आणि खाकी पाकीट बाहेर काढलं.

“दस्तगीरनं दिलं,” ते म्हणाले. एकेक शब्द ढकलत होते. “रविवारी. तू चहा करत हुतीस.”

“तुम्ही वाचलंत?”

“मराठी येतंय मला अजून.”

मी उभीच. “पाच दिवस! अण्णा, पाच दिवस मी कचरा चिवडतेय. तुम्हाला दिसत नव्हतं?”

“दिसत हुतं.” त्यांच्या गालावरून पाणी ओघळलं. झटक्यापासून त्यांना रडू लवकर यायचं, पण हे तसलं नव्हतं. “गिलावा... व्हायचा हुता.”

मला काही समजेना. मग अण्णा म्हणाले, “ती खोली तुझी न्हवं.”

एका क्षणापुरतं मला तो घाव लागला, हे कबूल करते. आपल्याला हाकलतायत असंच वाटलं. मग मी सिस्टरांकडे बघितलं. बुटक्या सिस्टर. वर न उचलणारा डावा खांदा. कमरेच्या जरा वर बसवलेला बोर्ड, उशीच्या उजवीकडे.

“मी म्हणत होते, निदान मंदाला तरी सांगा,” सिस्टर म्हणाल्या. “पण ह्यांचा हट्ट. तुला सांगितलं तर तू जयवंताला सांगशील. तुझ्या पोटात काही राहत नाही, म्हणाले. आणि जयवंत येऊन खुणा पुसेल. गिलावा झाल्यावर मग कोण भिंत फोडतंय?”

माझ्या पोटात काही राहत नाही! तीन वर्षं अर्ज केलेल्या मुलीच्या! मला हसू फुटलं, आणि त्यातच परत रडू आलं. अण्णांच्या कॉटवर बसले तर त्यांच्या चादरीवर सगळे सिमेंटचे पंजे उमटले.

“शाद्याला कुटनं जातीस?” अण्णांनी विचारलं.

“पुण्याहून. नाहीतर नाशिकवरनं. अण्णा, मी गेले तर तुम्ही...”

“घंटा हाय की,” अण्णा म्हणाले. “वायरमन हाय मी. घंटा कुटं वाजवायची... मी ठरवणार.”

रविवारी दादा आला. अंगणापासून आवाज चढला. परकी बाई, जातगोत, लोक काय म्हणतील, मंदीला ह्या वयात कसली नोकरी, सगळं झालं. शेवटी तो मागच्या खोलीत गेला आणि दस्तगीरला म्हणाला, “हा बोर्ड काढ. डावीकडं घे. वर घे.”

“आता गिलावा झालाय दादा,” दस्तगीर म्हणाला. “समदी भिंत फोडाय लागंल.” आणि शांतपणे विडी पेटवली.

दादा मी उकरलेल्या जागांकडे बघत राहिला. शिवाप्पानं त्या परत लिंपल्या होत्या, पण खडबडीत. मला वाटलं, आता तो माझ्यावर ओरडणार. तो पायात चपला सरकवून स्टँडकडे निघाला. एकोणीस तारखेला मात्र तो परत आला, माझी ट्रंक स्वतः उचलून रिक्षात ठेवली, आणि दोन वर्षं माझ्याशी बोलला नाही.

शहाद्याहून मी पहिल्यांदा घरी आले ती दिवाळीला. खोलीला गुलाबी नाही, पांढरा रंग दिला होता. खडबडीत जागा तशाच होत्या. दादा त्या घासून घेऊ म्हणाला होता, अण्णांनी हात लावू दिला नाही. दुपारी जेवणं झाल्यावर सिस्टर म्हणाल्या, माझ्याच पलंगावर पड, मी चटईवर बसून शिवते. मी आडवी झाले. उकडत होतं. पंख्यासाठी माझा डावा हात सवयीनं भिंतीवर गेला आणि चाचपत राहिला. तिथे नुसता गिलावा होता. सपाट, थंड. त्या खोलीत माझ्या हाताला लागेल असं एकही बटण अण्णांनी ठेवलं नव्हतं. मी तळवा तिथेच टेकून ठेवला.

तेवढ्यात उशाशी घंटा वाजली. मी दचकून उठले, पाय खाली टाकले, पदर खोचला.

सिस्टरांनी सुई कापडात टोचली आणि उजव्या हातानं मला खांद्याला धरून परत उशीवर लोटलं.

“तू कुठं चाललीस?” त्या म्हणाल्या. “माझी घंटा आहे ती. पड तू.”